प्लूटो नेपच्यूनला धडकत का नाही?

प्रश्न : प्लूटो अधूनमधून नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ येतो, असे वाचनात आले. मग या दोघांची टक्कर कशी होत नाही? आणि अशा तिरकस, लांबट कक्षेवरून ग्रहमालेच्या जडणघडणीविषयी काही कळते का?

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे; १९७९ ते १९९९ या काळात प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या अधिक जवळ होता. नेपच्यूनला सूर्याभोवतीच्या एका फेरीस सुमारे १६५ वर्षे लागतात आणि प्लूटोला सुमारे २४८. म्हणजे नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात, तेवढ्यात प्लूटोच्या दोन होतात. या मेळाला अनुनाद म्हणतात. त्यामुळे प्लूटो सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा नेपच्यून दर वेळी कक्षेच्या भलत्याच भागात असतो. प्लूटो त्याच्यापेक्षा युरेनसच्या अधिक जवळून जातो, हे अनेकांना खरे वाटत नाही.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. हा मेळ जुळला कसा, याचे उत्तर रेणू मल्होत्रा यांनी १९९३ मध्ये मांडले. दिल्लीत जन्मलेल्या मल्होत्रा पुढे अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. ग्रह तयार झाल्यावर त्यांच्या आसपास असंख्य बर्फाळ पिंड उरले होते. नेपच्यून त्यांतले बरेचसे आतल्या ग्रहांकडे ढकलत असे, गुरू त्यांना सूर्यमालेबाहेर भिरकावून देत असे, आणि या देवाणघेवाणीत गुरू किंचित आत, तर नेपच्यून हळूहळू बाहेर सरकत गेला. सरकताना त्याचा अनुनादही पुढे सरकला आणि वाटेत आलेला प्लूटो त्यात अडकला. एकदा अडकल्यावर नेपच्यून जितका बाहेर जाईल तितकी प्लूटोची कक्षा लांबट होत जाते. म्हणूनच तिच्या आजच्या लांबटपणावरून मल्होत्रा यांना नेपच्यूनच्या प्रवासाचा हिशेब मांडता आला. सूर्य-पृथ्वी अंतराच्या निदान पाचपट तरी तो बाहेर सरकला असावा, असे त्यातून निघाले.

असे असेल तर प्लूटो एकटा अडकलेला असणार नाही, हे ओघानेच आले. नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यात नेमक्या याच अनुनादात फिरणारे शेकडो पिंड त्यानंतर सापडले असून त्यांना प्लुटिनो म्हणतात.

ग्रह जिथे घडतो तिथेच राहतो, ही समजूत इतर ताऱ्यांनीही मोडली. १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याभोवती अवघ्या चार दिवसांत फेरी मारणारा महाकाय ग्रह सापडला. ताऱ्याच्या इतक्या निकट एवढा ग्रह घडणे अवघड असल्याने तो दूर जन्मून आत आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.