एएफएलचं स्वप्न, बारावीचं वेळापत्रक आणि बाबांचा विरोध

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे, आता मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात स्थायिक. मुलगा इयर टेनमध्ये आहे. क्रिकेट सोडून फुटीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये रमला आणि यंदा वेस्टर्न जेट्स या आमच्या भागातल्या युवा क्लबच्या सोळा वर्षांखालच्या संघात त्याची निवड झाली. आता सरावासाठी पुढच्या वर्षी वरचं गणित आणि फिजिक्स नको म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात, लाथा मारून पोट भरत नाही. घरात रोज वाद. एएफएल, म्हणजे या खेळाची देशातली सर्वोच्च लीग, तिथला खेळाडू हे करिअर म्हणून धरून चालावं का? – एक आई

ताई, आधी लेकाचं अभिनंदन. जेट्सच्या संघात कुणी ओळखीवर जात नाही. तिथून पुढे अठरा वर्षांखालची टॅलेंट लीग, आणि त्या लीगच्या सामन्यांना एएफएल क्लबांची निवड करणारी माणसं वही घेऊन बसलेली असतात. म्हणजे पोरगं योग्य रस्त्यावर आहे. रस्ता फार अरुंद आहे, एवढंच.

पोट भरत नाही हे बाबांचं म्हणणं मात्र खरं नाही. 2023 मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या करारानुसार पुरुष खेळाडूंचं सरासरी वार्षिक मानधन 2027 पर्यंत 5 लाख 19 हजार डॉलरवर जाणार आहे. अर्थात ही सरासरी बड्या खेळाडूंनी वर ओढलेली. नव्या मुलाचं मानधन नियमाने ठरलेलं असतं आणि ते याच्या कितीतरी खाली असतं. तरीही अठराव्या वर्षी एवढे पैसे इथे दुसरी कुठलीच नोकरी देणार नाही.

बाबांची काळजी खरी ठरते ती जागांच्या हिशेबात. क्लब 18, सगळे मिळून करारबद्ध खेळाडू 800 च्या आसपास. दरवर्षी नोव्हेंबरच्या राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, साधारण 60-70 मुलांची नावं पुकारली जातात, तीही अख्ख्या देशातून. 2028 मध्ये टास्मानियाचा एकोणिसावा संघ येतोय, म्हणून थोड्या जागा वाढतील. आणि आपल्या लोकांना हे सांगावंच लागतं : ड्राफ्टमध्ये क्लब मुलाला निवडतो, मुलगा क्लबला नाही. नाव पर्थच्या क्लबने घेतलं, तर बॅग भरून पर्थला. मेलबर्नपासून विमानाने सुमारे 2,700 किलोमीटर, वय अठरा, आणि हातात बहुधा दोन-तीन वर्षांचा करार. तेवढ्यात जम बसला नाही, तर क्लब यादीतून नाव काढतो. विशीत ‘माजी खेळाडू’ झालेली मुलं तुमच्याच उपनगरात शोधलीत तर सापडतील. त्यांच्यापैकी एखाद्याला लेकाच्या प्रशिक्षकाकरवी घरी चहाला बोलवा. माझ्या पत्रापेक्षा त्या तासाभराचा उपयोग जास्त होईल.

आता बारावीच्या वर्षाचं कॅलेंडर काढून बसा. सप्टेंबरअखेर ग्रँड फायनल, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ड्राफ्ट कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्या. तिथे 20 मीटर धाव, उभी उडी, चपळाईची चाचणी, दोन किलोमीटरची धाव, वैद्यकीय तपासणी आणि क्लबांच्या मुलाखती. 20 मीटर तीन सेकंदांच्या आत, दोन किलोमीटर सहा मिनिटांच्या आसपास, अशी मुलं वरच्या गटात मोजली जातात. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत व्हीसीईचे, म्हणजे व्हिक्टोरियातल्या बारावीचे लेखी पेपर सुरू. पेपर संपतात न संपतात तोच ड्राफ्ट, आणि निवड झालीच तर काही दिवसांत नव्या क्लबच्या सरावाला हजर. डिसेंबरात एटारचा, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या क्रमांकाचा निकाल लागतो तेव्हा मुलगा कुठल्या तरी परक्या शहरात घाम गाळत असतो.

हे सगळं एकाच वर्षात येऊन आदळतं, म्हणून विषय सोडण्यापेक्षा ते पसरवणं शहाणपणाचं. युनिट 3-4 चा, म्हणजे बारावीच्या पातळीचा एखादा विषय इयर इलेव्हनलाच उरकता येतो. बऱ्याच शाळा परवानगी देतात. व्हीसीई तीन वर्षांतही करता येते. आपल्याकडे ‘वर्ष गेलं’ म्हणून गळा काढतात, इथे कुणी विचारतही नाही. स्पेशालिस्ट मॅथ्स, म्हणजे सगळ्यात वरचं गणित, खुशाल सोडू द्या. त्याच्या खालचं मॅथ मेथड्स मात्र हातचं जाऊ देऊ नका, कारण इंजिनीअरिंग आणि कॉमर्सच्या कितीतरी अभ्यासक्रमांना ते लागतं. फिजिक्सऐवजी त्याला फिजिकल एज्युकेशन घ्यायचं असेल, तर नाक मुरडू नका. तो पीटीचा तास नव्हे. स्नायू, ऊर्जा, हालचालींचं शास्त्र असा चांगला कस लावणारा विषय आहे, आणि त्याचे गुण एटारला धरतात. पुढे स्पोर्ट सायन्स किंवा फिजिओथेरपीकडे वळायचं झालं, तर तो कामाला येतो.

पत्रात तुम्ही एका गोष्टीचा उल्लेखही केला नाहीत, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते : डोक्याचा मार. मेलबर्न क्लबचा अँगस ब्रेशॉ 2021 च्या विजेत्या संघातला खेळाडू. वारंवारच्या डोक्याच्या मारामुळे 2024 मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी त्याला वैद्यकीय कारणाने निवृत्त व्हावं लागलं. स्थानिक पातळीवर आता असा मार बसल्यावर किमान 21 दिवस सामना खेळता येत नाही. लेकाला गरगरलं, मळमळलं, तर ते लपवायचं नाही, निवड चाचणी उद्या असली तरी. या बाबतीत प्रशिक्षकाशीही भांडायची तयारी ठेवा.

अठराव्या वर्षी नाव आलं नाही, तर? मार्लियन पिकेटला रिचमंडने 2019 च्या हंगामामधल्या ड्राफ्टमध्ये घेतलं, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याचा एएफएलमधला पहिलाच सामना म्हणजे त्या वर्षीची ग्रँड फायनल, आणि ती त्याच्या संघाने जिंकली. अ‍ॅलेक्स कीथ आधी व्हिक्टोरियाकडून क्रिकेट खेळला आणि मग एएफएलमध्ये आला. हे बाबांना आवर्जून सांगा. ‘आपल्यातलं कोण खेळतं हे?’ असं त्यांनी विचारलं तर वेस्ट कोस्टचा डॅनियल केर आहे, 2006 च्या विजेत्या संघातला. त्याचे वडील कोलकात्यात जन्मले. सॉकर खेळणारी सॅम केर ही त्याची बहीण. अशी उदाहरणं मोजकीच, त्यांच्या भरवशावर आयुष्य आखता येत नाही. पण व्हीएफएलसारख्या राज्य पातळीच्या लीगमध्ये खेळत पदवी घेणारे पुष्कळ आहेत, आणि दार उघडं ठेवायला ती वाट चांगली.

शिवाय एएफएल क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकादमी आहेत, स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचाही विचार करणाऱ्या. तुमचं घर कोणत्या क्लबच्या हद्दीत येतं आणि मुलगा पात्र ठरतो का, हे जेट्सच्या टॅलेंट मॅनेजरला एका ईमेलमध्ये विचारा. त्याच ईमेलमध्ये आणखी एक विचारा : पुढच्या वर्षी सराव आठवड्यातून किती संध्याकाळी आणि किती ते किती? ते उत्तर आणि शाळेचा विषयनिवडीचा फॉर्म शेजारी शेजारी ठेवूनच बाबा आणि लेक यांना समोरासमोर बसवा. त्याआधी नको.