वाचकांचे प्रश्न : डर्बीशरचे वाडे आणि बागा

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगी-जावई इंग्लंडात डर्बीला असतात. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे येतोय. त्या भागात जुन्या उमरावांचे वाडे आणि बागा पुष्कळ आहेत म्हणतात. सगळं पाहणं होणार नाही, माझे गुडघे कुरकुरतात. आमची केळीची बाग आहे आणि हिला फुलझाडांचं वेड. कुठे जावं? (एक वाचक, रावेर)

उत्तर : भाऊ, तुम्ही केळीवाले, तेव्हा आधी चॅट्सवर्थ. हे ड्यूक ऑफ डेव्हनशर यांचं घर आणि घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश. आता लक्षात आलं असेल! सहाव्या ड्यूकनं जोसेफ पॅक्स्टन नावाच्या तरुणाला १८२६ मध्ये मुख्य माळी नेमलं. मॉरिशसहून आलेल्या वाणाचं एक रोप पॅक्स्टननं तिथल्या गरम काचघरात वाढवलं. नोव्हेंबर १८३५ मध्ये ती केळ निसवली आणि वाणाला धन्याचं नाव मिळालं. तुमची जुनी बसराई काय नि आताची ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच. तुमच्या शिवारातले कंद चॅट्सवर्थहून आले असं मात्र समजू नका. हा गट मूळचा दक्षिण चीनकडचा आणि आपल्याकडे तो कितीतरी वाटांनी आला. पण डर्बीशरच्या थंडीत, कोळसा जाळून, एका माळ्यानं केळीचा घड पिकवला, ही गोष्ट तुमच्याइतकी कुणाला कळणार?

मी डर्बीत बरीच वर्षं राहते आणि आल्यागेल्या पाहुण्यांना घेऊन याच वाड्यांत हिंडते. लोक घराच्या दिवाणखान्यांत दमून जातात आणि बागेत येतात तेव्हा पाय उरलेले नसतात. तुम्ही उलट करा. आधी बाग, आणि बागेत पाणी कुठून येतं ते बघा. घरासमोरच्या लांब तळ्यात ‘एम्परर’ कारंजं आहे. रशियाचा झार निकोलस येणार म्हणून ते पॅक्स्टननं बांधलं. त्यासाठी वर डोंगरमाथ्यावर आठ एकरांचा तलाव खणला, तोही सहा महिन्यांत. पंप नाही, इंजिन नाही. उंचावरच्या पाण्याचा निव्वळ दाब, आणि त्या जोरावर धार जवळपास नव्वद मीटर चढल्याची नोंद आहे. झार १८४४ मध्ये इंग्लंडला आला, चॅट्सवर्थला आलाच नाही. विहिरीवर मोटर बसवणाऱ्या माणसानं हे कारंजं पाहायलाच हवं.

ताईंना चक्रव्यूहाच्या बागेकडे न्या. तिथं पॅक्स्टनचं सर्वांत मोठं काचघर उभं होतं. खालच्या भट्ट्यांना कोळसा पोचवायला जमिनीखालून बोगदा होता, म्हणजे वर धूळ नि गाड्या दिसायला नकोत! पहिल्या महायुद्धात तेवढा कोळसा मिळेना, आतली झाडं गेली आणि १९२० मध्ये ते पाडलं. जोत्याच्या भिंती मात्र शाबूत आहेत. त्यांच्या आत आज ल्युपिन आणि डेलिया लावतात. जूनमध्ये ल्युपिन मिळतील, डेलिया नंतरचे.

नदीकाठचं कुरण आणि विखुरलेली झाडं बघून वाटेल, निसर्गच असा आहे. तसं नाही. १७६० च्या दशकात ‘केपेबिलिटी’ ब्राउन या बागा आखणाऱ्या रचनाकारानं जुन्या आखीव बागा मोडून हे सगळं नव्यानं मांडलं. पुढे इडन्सर गावातली घरंसुद्धा पाडून नजरेआड नवी बांधली. त्या गावात जरूर चक्कर मारा, एका घरासारखं दुसरं घर नाही.

प्रश्न : केडलस्टन हॉल हे लॉर्ड कर्झनचं घर. तिथं आपल्याकडच्या वस्तू ठेवल्यात. तिकीट काढून त्या बघायच्या, हे मनाला पटत नाही. जावं का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : जा. तुझी अस्वस्थता खरी आहे आणि ती सोबत घेऊनच जा. ईस्टर्न म्युझियममध्ये कर्झननं प्रवासात जमवलेल्या आणि व्हाइसरॉय असताना नजराणा म्हणून मिळालेल्या वस्तू आहेत. व्हाइसरॉयला नजराणा देणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मुभा कितपत होती, हा प्रश्न प्रत्येक कपाटापुढे विचारावा असं मला वाटतं. १९०३ च्या दिल्ली दरबारात कर्झनच्या बायकोनं, मेरीनं, घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा झगाही याच घरचा. कापडावरचं जरीकाम दिल्लीच्या कारागिरांचं, शिवण पॅरिसची. जवळून बघ : नक्षीतल्या प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरव्या भुंग्याच्या पंखाचं कवच टाचलेलं आहे. शिवणाऱ्या पेढीचं नाव सगळे सांगतात, टाचणाऱ्या बोटांचं नाव कुणी सांगत नाही, आणि मला त्याचाच राग येतो. जुनं कापड नेहमी मांडलेलं नसतं, म्हणून आधी विचारून घे.

घराचा आराखडा मात्र विसरू नकोस. मधली इमारत आणि चार बाजूंना तिला जोडलेल्या चार इमारती, अशी योजना होती. इथं दोनच झाल्या. पुढे १७९९ ते १८०३ मध्ये कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस याच नमुन्यावर उभं राहिलं आणि तिथं चारही बाजू पुऱ्या झाल्या. व्हाइसरॉय होऊन कर्झन राहायला गेला तो आपल्याच घराच्या थोरल्या प्रतिकृतीत. त्याच काळात, १९०५ मध्ये, त्यानं बंगालची फाळणी केली.

वाड्याला खेटून एक जुनं चर्च आहे. बागेसाठी इथलंही गाव हलवलं, रस्ता हलवला, चर्च तेवढं जागच्या जागी राहिलं. आत कर्झन आणि मेरी यांच्या संगमरवरी मूर्ती शेजारी शेजारी पहुडलेल्या आहेत.

प्रश्न : एकच दिवस आहे. हार्डविक हॉल की हॅडन हॉल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जिने चढवत असतील तर हार्डविक. १५९० च्या दशकात बेस ऑफ हार्डविक या बाईनं, चार नवरे मागे टाकून, सत्तरीच्या उंबरठ्यावर ते बांधलं. बुरुजांच्या माथ्यावर तिची आद्याक्षरं दगडात कोरलेली आहेत, मैलभरावरून वाचता येतात. मजले चढत जाऊ तशी छतं उंच होत जातात, म्हणून सर्वांत भव्य दालनं अगदी वर. चढणं जमणार नसेल तर बेकवेलजवळचं हॅडन. तिथल्या गच्चीबागेत गुलाब बघत निवांत बसता येतं. दोन्ही ठिकाणी उघडायचे वार बदलतात, निघण्याआधी तपासा.