भुंगेऱ्याच्या पाठीवरचा पांढरा डाग कसा घालवायचा? घरच्या घरी डिफ्युजर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅनन ७००डी, ५५-२५० एसटीएम लेन्स, समोर रेनॉक्स २५० (किडा मोठा दिसावा म्हणून लेन्सवर चढवायचं भिंग), वर गोडॉक्स टीटी६०० फ्लॅश. फ्लॅशच्या तोंडावर दुधाच्या पिशवीचा तुकडा ताणून लावलाय, तरी भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढराफट्ट डाग येतोच. तयार डिफ्युजर (फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) महाग आहे, तेव्हा नागपुरात मिळणाऱ्या सामानातून काय करता येईल?

करता येईल, आणि नीट केला तर विकतच्यापेक्षा तुमच्या लेन्सला जास्त जुळेल. पण आधी तो डाग म्हणजे काय ते पक्कं करून घ्या. भुंगेऱ्याची पाठ हा बाहेरून फुगीर आरसा आहे आणि त्यात दिसणारा डाग हे तुमच्या दिव्याचंच प्रतिबिंब आहे. फ्लॅशचं तोंड साधारण ७ सेंमी रुंद असतं. ते किड्यापासून ३० सेंमीवर असेल तर किड्याला तो दिवा जेमतेम १३ अंशांचा दिसतो. दुधाची पिशवी तोंडालाच चिकटवली म्हणून हा आकार वाढत नाही, प्रकाश फक्त थोडा कमी होतो. तेच जर २४ सेंमी रुंद पांढरा पडदा किड्यापासून १२ सेंमीवर आला, तर किड्याच्या डोक्यावर ९० अंशांचं आभाळ तयार होतं. मग एवढाच प्रकाश सगळ्या पाठीवर पसरतो आणि डागाच्या जागी मऊ चकाकी येते. मोठा आणि जवळ, एवढ्या दोनच गोष्टी सांभाळायच्या आहेत. पुढचं सगळं त्यासाठीच.

सामान: ३ मिमीचं पांढरं सनपॅक शीट (आतून पोकळ नळ्या असलेला प्लास्टिकचा पुठ्ठा), ९० जीएसएमचा ट्रेसिंग पेपर, स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल, काळा चार्ट पेपर, वेल्क्रो पट्टी आणि पांढऱ्या फोमचा १ मिमी जाडीचा तुकडा. हा फोम विकत घेऊ नका. टीव्ही किंवा काचेची भांडी ज्यात गुंडाळून येतात तोच हवा, फक्त सुरकुती आणि छपाई नसलेला. बाकीचं सीताबर्डीतल्या मोठ्या स्टेशनरीत एका चकरेत होतं. फोम नाही मिळाला तर ऑफिसात वापरतात त्या दुधी रंगाच्या प्लास्टिक फाइलचं कव्हर चालेल.

कापण्याआधी एक माप घ्या. लेन्स ज्या झूमवर वापरणार तो ठरवा आणि लेन्सचा फोकस अनंतावर ठेवा. रेनॉक्स २५० हा +८ पॉवरचा, म्हणजे त्याची फोकल लेंग्थ १२५ मिमी. त्यामुळे लेन्स १२५ वर असेल तर किडा सेन्सरवर जेवढ्यास तेवढा उमटतो, २०० वर १.६ पट, २५० वर २ पट. मी २०० धरून कर्णा (फ्लॅशचा प्रकाश किड्यापर्यंत नेणारी, पुढे रुंद होणारी पेटी) बांधायला सांगेन, कारण २५० ला खोली, म्हणजे एका वेळी स्पष्ट दिसणारी जाडी, फारच कमी उरते. तर २०० वर लेन्स जेवढी बाहेर येते तेव्हा फ्लॅशच्या तोंडापासून रेनॉक्सच्या पुढच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर मोजा. त्याला 'ल' म्हणू. हे माप दुसऱ्याचं उचलू नका. झूम आत-बाहेर होताना लेन्सची लांबी बदलते, आणि लेन्स आखडली की कर्ण्याचं तोंड फ्रेममध्ये डोकावतं.

आता सनपॅकचा चौकोनी कर्णा बनवायचा. मागे फ्लॅशच्या डोक्यावर घट्ट बसेल असा ६ सेंमी लांब गळपट्टा, वेल्क्रोने बंद होणारा. पुढे छत: मागे ८ सेंमी रुंद, पुढे २४ सेंमी, लांबी 'ल' अधिक ५ सेंमी. तळ त्याच आकाराचा पण लांबी 'ल' उणे १. दोन्ही बाजूंच्या भिंती मागे ६ आणि पुढे साधारण १२ सेंमी उंच. छत तळापेक्षा ६ सेंमी पुढे आल्यामुळे कर्ण्याचं तोंड आपोआप तिरकं, खाली आणि समोर, थेट किड्याकडे वळतं. किडा रेनॉक्सपासून ११-१२ सेंमीवर असतो, म्हणजे छताची कड त्याच्या ६-७ सेंमी अलीकडे येते. सनपॅकच्या आतल्या नळ्या लांबीच्या दिशेने ठेवा, नाहीतर कर्णा मध्येच वाकतो. आतून फॉइल लावताना आधी चुरगळा, मग हाताने सपाट करा. गुळगुळीत फॉइल आरशासारखं वागतं आणि पडद्यावर पट्टे पाडतं.

पडदे दोन लागतात, आणि बहुतेकांचा पहिलाच राहून जातो. फ्लॅशच्या तोंडापासून ५ सेंमी पुढे कर्ण्याच्या आतच ट्रेसिंग पेपरचा छोटा पडदा लावा, तोंडाला चिकटवू नका. जोरात आणि भराभर फ्लॅश मारले तर तोंडावरचा कागद पिवळा पडतो. फ्लॅशमधली १४ मिमीची पातळ प्लास्टिक पट्टी बाहेर ओढून ठेवा. या दोन्हींचं काम एकच: पुढच्या मोठ्या पडद्यावर प्रकाश सारखा पोचवणं. नाहीतर २४ सेंमीचा पडदा लावूनही उजळतो तो मधला ८ सेंमीच, आणि किड्याला दिसतो तेवढाच दिवा.

मोठा पडदा फोमचा, साधारण २६ बाय १८ सेंमी. वरची कड छताला वेल्क्रोने लावा, मधे किंचित फुगा राहू द्या. खालच्या कडेला मधोमध अर्धचंद्र कापा, रेनॉक्सच्या व्यासापेक्षा ५ मिमी मोठा. कापल्यावर उरलेली दोन टोकं लेन्सच्या दोन्ही बाजूंनी मिशीसारखी खाली उतरली पाहिजेत. किड्याच्या पायांवर बाजूने प्रकाश येतो तो या मिशांमधून, त्या आखूड कापू नका. पडद्याचा प्रकाश उलटा लेन्समध्ये शिरला तर फोटो धुक्यात काढल्यासारखा फिकट दिसतो. म्हणून रेनॉक्सभोवती काळ्या चार्ट पेपरची १ सेंमी उंच कडी लावा, आणि तळाला लेन्सच्या बाजूनेही काळा कागद. संपूर्ण कर्णा १०० ग्रॅमच्या आत बसवा. जड झाला तर फ्लॅशची मान वाकते. आधारासाठी इलॅस्टिक लेन्सच्या न हलणाऱ्या भागाला बांधा, बाहेर येणाऱ्या नळीला नाही.

चाचणी मैदानात नाही, टेबलावर करा. सायकलच्या दुकानातून एक छर्रा आणा, पुसून काळ्या कापडावर ठेवा आणि फोटो काढून स्क्रीनवर मोठा करा. छर्ऱ्यात तुमचा अख्खा दिवा दिसतो, किड्याला दिसतो अगदी तसा. वरच्या अर्ध्या भागात एकसारखी पांढरी कमान दिसली तर काम झालं. कमानीच्या मधोमध झगझगीत ठिपका आणि कडा राखाडी असतील, तर आतल्या छोट्या पडद्याच्या मध्यावर रुपयाएवढा ट्रेसिंग पेपरचा आणखी एक तुकडा चिकटवा. ठिपका गेला नाही तर अजून एक. कमानीत काळी रेघ दिसली तर ती वेल्क्रोची किंवा जोडाची सावली आहे. उडी मारणाऱ्या कोळ्याच्या पुढच्या मोठ्या डोळ्यांत हीच रेघ जशीच्या तशी दिसेल, म्हणून तो जोड आत्ताच सरकवा. छर्ऱ्याचा खालचा अर्धा भाग पूर्ण काळा राहत असेल तर लेन्सखाली पांढऱ्या सनपॅकची पोस्टकार्डाएवढी पट्टी तिरकी लावा. पोटाकडचा अंधार तेवढ्याने उठतो.

रंग पिवळट येतो का तेही इथेच बघा. प्लंबरकडची पांढरी टेफ्लॉन टेप पुठ्ठ्यावर चार-पाच थर गुंडाळून फोटो काढा आणि कॅमेऱ्यात कस्टम व्हाइट बॅलन्स त्यावर बसवा. साध्या प्रिंटरच्या कागदावर बसवू नका, तो जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात निळसर चमक देणारं रसायन असतं.

सेटिंग मॅन्युअल: १/२००, एफ ११, आयएसओ १०० किंवा २००, फ्लॅश १/१६ पासून सुरू करा. दोन पडदे मिळून साधारण दोन-अडीच स्टॉप खातात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), पण पडदा जवळ असल्यामुळे ते भरून निघतं. १/४ च्या वर जावं लागत असेल तर कर्ण्यात कुठेतरी प्रकाश गळतोय. फ्लॅश कमी पॉवरवर ठेवण्याचं खरं कारण बॅटरी नाही. या फ्लॅशमध्ये पॉवर कमी म्हणजे चमक आखूड. पूर्ण पॉवरला ती सेकंदाच्या काहीशेव्या भागाएवढी लांब असते, १/१६ ला काही हजाराव्या भागाएवढी, आणि हाताची थरथर गोठते ती या आखूडपणामुळे. हाय स्पीड सिंक (जास्त वेगवान शटरसोबत फ्लॅश वापरायची सोय) चालू करू नका, त्यात फ्लॅश तुकड्यातुकड्यांनी पेटत राहतो आणि हा फायदाच जातो.

अॅपर्चरबद्दल एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. मॅक्रो लेन्स १:१ ला नेली की एफ ११ चा परिणाम जवळपास एफ २२ सारखा होतो, प्रकाशही कमी आणि तीक्ष्णताही. रेनॉक्ससोबत लेन्स अनंतावर असल्याने एफ ११ हा एफ ११ च राहतो. तरी खोली १:१ ला जेमतेम ०.४ मिमी, २ पटीला ०.१ मिमी. डोळा धरा, बाकी सोडून द्या.

ऊन मात्र सांभाळा. कडक उन्हात १/२००, एफ ११, आयएसओ १०० हे फ्लॅशशिवायचं बरोबर एक्स्पोजर आहे. म्हणजे दुपारी सूर्य आणि फ्लॅश असे दोन फोटो एकावर एक उमटतात आणि कडांना भुताटकी येते. फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. तो जवळपास काळा आला पाहिजे. नसेल तर स्वतःची सावली किड्यावर पाडा, किंवा सकाळी लवकर निघा. सेमिनरी हिल्स किंवा अंबाझरीला पावसाळ्यात सकाळी सातच्या आत तरोट्यावर, रुईवर किडे थंडीने सुस्त बसलेले सापडतात, तेव्हा एवढ्या मोठ्या कर्ण्यालाही ते दचकत नाहीत. मागचं पान दूर असेल तर पार्श्वभूमी काळी येते. किड्यामागे ८-१० सेंमीवर एखादं हिरवं पान चिमट्यात धरा.

आपल्या हवेचं दोन ठिकाणी भान ठेवा. ग्लू गनचे जोड मे महिन्यात गाडीच्या डिकीत सुटतात, ४५ अंशांच्या दिवशी आत त्याहून कितीतरी तापतं. म्हणून जोडाला छिद्रं पाडून केबल टाय ओवा. आणि जुलैच्या दमट हवेत ट्रेसिंग पेपर लहरतो, त्याचे दोन-तीन तुकडे कापून सोबत ठेवा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: तुमचा कॅमेरा कॅनन २००डी मार्क २ असेल तर त्याच्या हॉट शूला मधली पिन नाही, टीटी६०० सारखा साधा मॅन्युअल फ्लॅश त्यावर पेटणार नाही. कॅननचा टीटीएल फ्लॅश (कॅमेऱ्याच्या मापावरून स्वतः पॉवर ठरवणारा) घ्या. घरात पडलेला रीळ कॅमेऱ्याच्या काळातला फ्लॅशही मीटरने व्होल्टेज मोजल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काहींच्या पायाशी २०० व्होल्टच्या वर असतात. आणि जुना फ्लॅश फोडून जुळा फ्लॅश बनवायचा विचार असेल तर तो सोडा. आतला कॅपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो, सेल काढल्यावरही.

शेवटचं, मैदानातलं. किड्याकडे जाताना नजर व्ह्यूफाइंडरमध्ये असते आणि छताची कड ५ सेंमी पुढे. फांदीला आधी तीच लागते आणि किडा उडतो. म्हणून फांदीच्या खालून तिरके वर या, डावा हात देठाला टेकवा, त्याच हाताच्या बोटांवर लेन्स ठेवा, आणि फोकसची रिंग न फिरवता अंगच पुढे-मागे झुलवून डोळा फोकसमध्ये आला की शटर दाबा.