नळी आत्ताच का?

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया आहे, भावाचा बोनमॅरो जुळलाय. आज ती वरणभात, पोळी सगळं खाते, तरी डॉक्टर ट्रान्सप्लांटआधीच अन्नासाठी नाकातून पोटात नळी घालायची म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, पोरीचे हाल कशाला, सलाईनमधून अन्न द्या की!
– एक आई, जळगाव

उत्तर : आज खातेय तोवरच नळी घालून घ्यायची. ट्रान्सप्लांटआधीच्या केमोने जुना मॅरो जातो, त्याबरोबर तोंडापासून आतड्यांपर्यंतचं अस्तरही सोलवटतं. आठवडाभरात तोंड असं येतं की थुंकी गिळवत नाही, आणि नेमक्या त्याच सुमारास रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तळाला असतात. तेव्हा नळी घालायची म्हणजे रक्तस्रावाचा धोका.

सलाईनमधलं अन्न म्हणजे टीपीएन : ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि स्निग्धांश मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून, म्हणजे सेंट्रल लाइनमधून. सतत उलट्या, भरपूर जुलाब, आतडं थंडावणं असं झालं तर ते द्यावंच लागतं, त्यात कमीपणा नाही. पण उपाशी आतड्याचं अस्तर आणखी पातळ होतं, तिथले जंतू रक्तात उतरू शकतात. शिवाय लाइनला जंतुसंसर्ग, साखर चढणं, यकृतावर ताण. म्हणून आतडं चालतंय तोवर नळी आधी.

मुलगी 16 किलोची धरू. दिवसाला साधारण 1300 कॅलरी आणि 32 ते 40 ग्रॅम प्रथिनं लागतील. 1 मिलीत 1 कॅलरी देणारं फीड पंपावर ताशी 65 मिलीने 20 तास चाललं की 1300 भरतात. सुरुवात मात्र ताशी 10-15 मिलीने, मग सोसेल तसं वाढवत. पहिल्याच दिवशी घाई केली की पोट फुगतं, उलटी होते आणि दोष नळीवर येतो.

नळी बारीक असते. कुटलेली गोळी दिल्यावर 5 ते 10 मिली निर्जंतुक पाण्याने धुतली नाही तर हमखास तुंबते. घरची नाचणीची पेज किंवा डाळीचं पाणी त्यातून नको : चोथा अडकतो, जंतूंचीही भीती. पावडर कालवून केलेलं फीड 4 तासांपेक्षा जास्त टांगून ठेवू नये. उलटी झाली की फीड थांबवा, नळीवरची नाकपुडीजवळची खूण सरकली का ते बघा आणि नर्सला बोलवा. नळी तोंडात वेटोळं घालून बसलेली असू शकते.

तोंडाने दोन चमचे चालू ठेवाच, नाहीतर मुलं गिळायलाच बिचकतात. फक्त केमोच्या दिवसांत आवडता शिरा पुढे करू नका. उलटीशी शिऱ्याची एकदा गाठ पडली की पुढे कित्येक महिने ती त्याच्याकडे बघणार नाही.

प्रश्न : बोनमॅरो ट्रान्सप्लांट होऊन नातू घरी आलाय, सायक्लोस्पोरिन चालू आहे. ताकदीसाठी गुळवेलीचा काढा आणि रोज एक शहाळं द्यावं का?
– एक आजोबा, निपाणी

उत्तर : काढा नको. सायक्लोस्पोरिन प्रतिकारशक्तीला मुद्दाम आवर घालतंय, म्हणजे दात्याच्या पेशी नातवाच्या शरीरावर उलटू नयेत. गुळवेल तिलाच चेतवते; यकृताला इजा झाल्याच्या नोंदी 2021 मध्ये मुंबईतूनच आल्या. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि हे औषधही ते वाढवतं, तेव्हा ताजा रिपोर्ट दाखवून विचारा. पपनस पूर्ण बंद, त्याने औषधाची रक्तातली पातळी वर जाते. थॅलेसेमियाचं मूल असेल तर लोहाचं टॉनिकही नको, लोह आधीच साठलेलं असतं.

प्रश्न : ट्रान्सप्लांटनंतर घरचं दही कधीपासून?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या ट्रान्सप्लांट युनिटने हो म्हटल्यावर, विरजणात काय काय आहे ते घरात कुणालाच माहीत नसतं. मात्र पथ्याची यादी लांबवून संसर्ग कमी होतो, असं मुलांवरच्या चाचणीतही दिसलं नाही. हात धुणं, ताजं शिजवून गरम खाणं आणि 2 तासांनंतरचं न देणं जास्त मोलाचं. आणि गॅस बंद केल्यावर वरणावर भुरभुरलेली ती कच्ची कोथिंबीर! ती उकळीतच घाला.