जनुकशास्त्रज्ञांच्या सोसायटीचं नेमकं काम काय?

साताऱ्यात एमएस्सी करणाऱ्याला दिल्लीतल्या सोसायटीचा काय उपयोग, असं तुम्ही विचारलंय. खूप उपयोग आहे. इंडियन सोसायटी ऑफ जेनेटिक्स अँड प्लँट ब्रीडिंग १९४१ पासून आहे. अशा सोसायट्यांचं खरं काम म्हणजे नियतकालिक चालवणं: आलेला शोधनिबंध त्याच विषयातल्या जाणकारांकडून कसून तपासून घ्यायचा, मगच छापायचा. परिषदा, पुरस्कार वगैरे त्यानंतर.

अशा तपासून छापलेल्या माहितीची किंमत कळायची तर आपल्याच जिल्ह्यातलं फलटण बघा. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या गरोल मेंढीतला फेकबी हा एका वेतात जास्त कोकरं होऊ देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला. त्यातून जुळी कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. पण नराकडे बघून हा गुण ओळखणार कसा? २००१ मध्ये परदेशी संशोधकांनी जनुकातला नेमका बदल शोधून प्रसिद्ध केला आणि रक्ताच्या नमुन्यावरून डीएनए चाचणी शक्य झाली. निबंध कपाटातच राहिला असता तर फलटणला त्याचा काय फायदा?

विद्यार्थ्यांना वर्गणी बहुधा कमी असते, तेव्हा सभासद व्हाच. आणि पहिल्याच परिषदेत आपल्या कामाचं पोस्टर लावा. ज्यांचे निबंध वाचलेत तेच समोर उभे राहून प्रश्न विचारतात.