लग्नात लाइव्ह पेंटिंग करायचंय, इझल कोणता घेऊ?

प्रश्न: नमस्कार सर, मी डोंबिवलीला राहते, शाळेत ड्रॉइंग शिकवते, सुट्टीत पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेते. आता ओळखीतून एका लग्नात लाइव्ह पेंटिंगचं काम मिळालंय. सकाळी दादरच्या हॉलमध्ये अंतरपाटाचा सीन सुरू करायचा आणि तेच चित्र संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या एका जिमखान्याच्या लॉनवर रिसेप्शनला पाहुण्यांसमोर पूर्ण करायचं. कॅनव्हास 24 बाय 30 इंची, रंग ॲक्रिलिक. घरचा इझल, म्हणजे कॅनव्हास उभा धरायचा स्टँड, मोठा लाकडी आहे, तो जागचा हलत नाही. ऑनलाइन बघायला गेले तर ॲल्युमिनियमचे, फ्रेंच बॉक्सवाले, टेबलावरचे, डोकंच फिरलं. जाणार लोकलनेच. काय घेऊ?

उत्तर: ताई, साइझ, रंग, जागा सगळं लिहिलंत म्हणून सरळ सांगतो, जाड पायांचा, वरून क्लॅम्प असलेला मेटलचा ट्रायपॉड इझल घ्या. आणि दुकानात गेल्या गेल्या सगळे विचारतात ना, हलका आहे का हो, ते तुम्ही सगळ्यात शेवटी विचारा. कुठेतरी नदीकाठी एकटं बसून लँडस्केप करायचं असेल तर हलका चालतो, तिथे धक्का द्यायला कोण येतंय. लग्नात तुमच्या मागे माणसांचा घोळका असतो, त्यात पोरं पळतायत, कोणीतरी मामा मोबाइलवर शूटिंग करत करत उलटा चालत येतोय, आणि ट्रायपॉडचा मागचा पाय कोणालाच दिसत नाही, लाथ बरोब्बर त्यालाच बसते.

बाजारात हजार-दीड हजाराला काळ्या पिशवीतला जो एकदम हलका ॲल्युमिनियमचा मिळतो तो पोस्टर उभं करायला ठीक आहे, पण 30 इंची कॅनव्हासवर मोठ्या ब्रशने जोर दिलात की तो डुलतो, आणि त्याचे पायाचे लॉक प्लास्टिकचे असतात ते थोड्या वापराने घसरायला लागतात. फ्रेंच बॉक्स इझल दिसायला लय भारी, खणात रंग, वर कॅनव्हास, सगळं एकात एक, मलाही आवडतो. पण तो रिकामाच साधारण पाच-सहा किलोचा, त्यात रंग भरले की अजून वजन, शिवाय उघडताना एकेक पाय आणि एकेक विंगनट, म्हणजे हाताने फिरवायचा पंखाचा नट, फिरवत बसा. गाडीने जाणाऱ्याने जरूर घ्यावा, सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये तो घेऊन चढायचं म्हणजे आजूबाजूच्या बायकांची बोलणी खायची तयारी ठेवा. पोशाड बॉक्स म्हणजे कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर बसवतात ती पेटी, ती लहान पॅनलसाठीच, तुमचा कॅनव्हास त्यात बसणारच नाही. टेबलावरचा विसरा, लग्नात मोकळं टेबल मिळणं मुश्किल.

अजून एक, डेकोरेटर तुम्हाला हमखास सांगेल, मॅडम स्टँड आमच्याकडे आहे, आणू नका. तो स्टँड म्हणजे दारात "शुभविवाह"चा बोर्ड ठेवतात तो. त्यावर फ्रेम नुसती टेकलेली असते, वरून पकड काहीच नाही, ब्रश लावला की कॅनव्हास मागे ठोकतो नाहीतर सरकतो. गोड बोलून नको म्हणा.

दुकानात जाताना स्वतःचा कॅनव्हास घेऊन जा, अगदी तोच 24 बाय 30. फोर्ट, काळा घोड्याकडे जाणार असाल तर कॅनव्हास तिथेच घ्या आणि त्याच दुकानात इझलवर चढवून बघा. खालची पट्टी आणि वरचा क्लॅम्प दोन्हीकडून घट्ट धरतंय का बघायचं, आणि जाड कडेचा कॅनव्हास, दीड इंचीवाला, क्लॅम्पमध्ये बसतोय का हे खास बघायचं कारण बऱ्याच इझलचे क्लॅम्प पातळ बोर्डाच्या हिशोबाने केलेले असतात. मग कॅनव्हासच्या वरच्या कोपऱ्यावर पंजा ठेवून दाबा, आधी सरळ, मग तिरकं. सरळ दाबल्यावर बरेच इझल तग धरतात, तिरकं दाबलं की मधला दांडा गोल फिरतो, तसा फिरला तर दुसरा दाखवा म्हणायचं. दुकानदार कंटाळला तरी चालेल. पायाला खाली रबरी बूट हवेत, हॉलची लादी गुळगुळीत असते. काही इझलना रबर मागे घेतलं की लोखंडी टोक बाहेर येतं, ते लॉनवर मातीत रुतवायला एकदम कामाचं. आणि मधोमध खाली हूक आहे का बघा, नसेल तर दोरी बांधून काम भागवता येतं.

हे हुकाचं प्रकरण तुमच्या संध्याकाळसाठी महत्त्वाचं आहे. मुंबईत दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि मरीन ड्राइव्हचे जिमखाने रस्ता ओलांडला की समुद्र अशा जागी आहेत. तुमचा कॅनव्हास म्हणजे पाच चौरस फुटाचं शीड आहे, ताई. हुकाला पिशवी अडकवून त्यात बिसलेरीच्या भरलेल्या बाटल्या टाका, लग्नात पाण्याच्या बाटल्यांना काय तोटा. पिशवी लोंबकळत ठेवू नका, जमिनीला जेमतेम टेकेल एवढी ठेवा नाहीतर वाऱ्याने तीच झोके घेते आणि इझलला पण हलवते. पाय पूर्ण फाकवा, एक पाय वारा जातोय त्या बाजूला ठेवा, आणि कॅनव्हासची कड वाऱ्याकडे करता आली तर उत्तमच, पण स्टेज कुठे आहे त्यावर ते अवलंबून, नेहमी जमेलच असं नाही. उंची वाढवायला मधला दांडा वर खेचण्याआधी पाय लांब करा, दांडा जेवढा वर तेवढं डुलणं जास्त.

जागा आदल्या दिवशीच फोटोग्राफर आणि व्हिडिओवाल्याशी बोलून ठरवा. ते तुमच्यासमोर उभे राहिले तर तुम्हाला फक्त त्यांची पाठ रंगवायला मिळेल, आणि तुम्ही त्यांच्या फ्रेममध्ये आलात तर ते दिवसभर कुरकुर करणार. स्टेजच्या बाजूला, मागे भिंत किंवा खांब येईल अशी जागा मागा, म्हणजे मागचा पाय सुरक्षित आणि घोळका एकाच बाजूला. वरचे लाइट ओल्या ॲक्रिलिकवर चमकतात तेव्हा कॅनव्हास थोडा पुढे झुकवायचा, म्हणून कॅनव्हास पुढे झुकवता येणारा इझल असेल तर तोच निवडा. संध्याकाळी स्टेजवर गुलाबी-निळे एलईडी असणार, त्या उजेडात पॅलेटवरचा पिवळा कुठला आणि ऑफव्हाइट कुठला काही कळत नाही, इझलला अडकवायचा पांढऱ्या उजेडाचा छोटा क्लिप लाइट ठेवा, चार्जिंगवाला, वायर नको. वायरीत लोक अडखळतात.

लोकलचं म्हणाल तर खरी पंचाईत इझलची होत नाही, तो घडी घालून खांद्याला लागतो, फक्त बंद केल्यावर लांबी किती ते विचारून घ्या. पंचाईत कॅनव्हासची. सकाळी कोरा न्यायचाय, गर्दीच्या आधीची गाडी पकडा, नाहीतर लगेजच्या डब्यात चढा. पण दादरहून मरीन लाइन्सला जाताना चित्र अर्धं झालेलं असणार. ॲक्रिलिकचा पातळ थर लवकर सुकतो, जाड थर वरून सुकल्यासारखा वाटतो आणि आत ओला असतो, म्हणून सकाळी जाड रंग लावूच नका, जाडकाम सगळं संध्याकाळसाठी ठेवा. त्याच साइझचा दुसरा कोरा कॅनव्हास तोंडाला तोंड लावून, चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवून बांधा. एवढं करून सुद्धा मी तर म्हणेन त्या प्रवासाचं टॅक्सीभाडं ऑर्डरमध्येच धरा, यजमान नाही म्हणत नाहीत.

आणि हॉलमध्ये मुहूर्ताच्या निदान दोन तास आधी पोचा. स्टेज, फुलं, मखर आधी रंगवून घ्यायचं, कारण मंगलाष्टकं संपून अंतरपाट खाली आला की मिनिटभरात सगळे स्टेजवर चढतात, पुढचं मग फोटोवरूनच.

प्रश्न: मी पाहुण्यांचे छोटे वॉटरकलर पोर्ट्रेट करतो, ए-फाइव्ह साइझ, एकेकाला दहा-पंधरा मिनिटं. हाच इझल चालेल का? (बोरिवली)

उत्तर: नाही चालणार. वॉटरकलरला बोर्ड जवळजवळ आडवा लागतो नाहीतर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, खाली ओघळतो, आणि साधे ट्रायपॉड इझल तेवढे आडवे होत नाहीत. तुमच्याकडे कॅमेऱ्याचा चांगला ट्रायपॉड असेल तर त्यावर छोटा बोर्ड बसवा, पाव इंची स्क्रूची प्लेट बोर्डाला मागून लावून घ्यायची, कुठलाही सुतार लावून देईल. ट्रायपॉडचं वरचं हेड हवं तसं वाकतं, पाहुणा समोर बसतो, तुम्ही पण बसून काम करू शकता. वरती सांगितलेला पोशाड बॉक्स तुमच्यासाठी मात्र मस्त आहे, पैसे असतील तर घ्या.

प्रश्न: काका, मी आर्ट कॉलेजला फर्स्ट इयरला आहे, सीनियर त्याचा लाकडी फील्ड इझल, म्हणजे घडी घालून बाहेर नेता येतो तो, सेकंड हँड विकतोय. घेऊ का? पावसाळ्यात लाकूड खराब होतं म्हणतात. (परळ)

उत्तर: घे, पण आधी सगळे विंगनट स्वतः उघडून लावून बघ, आटे झिजलेले असतील तर बोल्ट बदलायला लागतील, ते हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतात, तेवढे पैसे सीनियरकडून कमी करून घे. पाय सरकवून बघ, तडा असेल तर सोड. पावसाळ्यात लाकूड दमट हवेने फुगतं आणि सरकणारे भाग अडकतात, तिथे मेणबत्ती घास, तेल लावू नकोस, कॅनव्हासला डाग पडतात. आणि जुलैमध्ये तो गॅलरीत ठेवू नकोस.