भार आला की ट्रेलरचे पाय अडतात. मोटर बदलू का?

प्रश्न (भोसरी): आमच्या कॅरॅव्हॅन ट्रेलरला पुढच्या बाजूला १२ व्होल्टच्या मोटरवर चालणारे दोन पाय आहेत. अधांतरी असताना ते झकास खाली येतात. जमिनीला टेकून भार आला की मोटर घरघरते आणि थांबते. ३० अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे, बॅटरी गेल्याच महिन्यात बसवली. मेकॅनिक मोटर बदला म्हणतो.

उत्तर: इतक्यात नको. पाय अधांतरी फिरतात म्हणजे मोटर, स्विच आणि रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरचा मोठा करंट जोडणारा स्विच) यांपैकी काहीच पूर्ण बंद पडलेले नाही. मोकळ्या मोटरला थोडाच करंट लागतो. भाराखाली तीच २०-२५ अँपिअर सहज ओढते, आणि मग वाटेतला प्रत्येक गंजका सांधा व्होल्टेजमधला आपला वाटा कापून घेतो. म्हणूनच टेस्ट लॅम्पवर विसंबू नका. दिव्याला जेमतेम करंट लागतो, त्यामुळे एका तारेवर लोंबकळणाऱ्या जोडातूनही तो लख्ख पेटतो.

मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. ट्रेलर गाडीला जोडलेलाच असू द्या, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि ट्रेलरखाली कोणी जाऊ नका. पाय टेकले की हिचवरचा (गाडी-ट्रेलरच्या जोडावरचा) भार त्यांच्यावर येतो. चाचणीला तेवढा पुरतो. एकाने बटण दाबायचे, दुसऱ्याने वाचायचे, आणि तेही चार-पाच सेकंदच. अडलेली मोटर फार लवकर तापते.

आधी बॅटरी. चार्जर काढून दोन-तीन तासांनी १२.६ च्या आसपास दिसायला हवे, १२.० म्हणजे जवळपास रिकामी, मग ती नवी असो की जुनी. आता भाराखाली तिथेच बघा. ११ च्या खाली घसरली तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या क्लॅम्पचा. प्रोब (मीटरच्या वायरीचे टोक) क्लॅम्पवर नको, शिशाच्या खुंटीवर टेकवा, म्हणजे दोन्ही वेगळे कळतील.

बॅटरीवर १२.१ आणि त्याच वेळी मोटरच्या टोकांवर ९.६ आले, तर अडीच व्होल्ट वाटेत गेले. कुठे, ते शोधायला एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा मोटरच्या प्लसवर आणि बटण दाबा. अर्धा व्होल्ट चालेल. मग मोटरचा मायनस ते बॅटरीचा मायनस बघा. इथे ०.३ पेक्षा जास्त आले की चोर सापडला. तुमच्या लक्षणांवरून आमचा पहिला संशय इथेच आहे. मोटरची अर्थची (मायनसची) वायर बहुतेक वेळा चासीला एका स्क्रूने मारलेली असते, लगखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) रंग तसाच राहतो, आणि आपल्याकडचा एक पावसाळा पुढचे काम करतो.

दुरुस्तीआधी बॅटरीचा मायनस काढा. स्क्रूऐवजी ८ मिमीचा बोल्ट घ्या, चासीवरचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा घासून लोखंड चमकेपर्यंत काढा, दातेरी वॉशर घालून लग आवळा, वरून रंग मारा. लग क्रिंपिंगच्या हत्याराने दाबलेलाच हवा; पकडीने चेपलेला पुन्हा सैल होतो. आम्हाला विचाराल तर चासीच्या भरवशावर न राहता मोटरपासून थेट बॅटरीपर्यंत काळी वायर ओढा.

वायरीच्या जाडीत लोक हमखास फसतात. घरच्या वायरिंगच्या सवयीने '२.५ चौरस मिमीची वायर २० अँपिअर घेते की' म्हणतात. घेते, पण जाऊन-येऊन १० मीटर लांबीत २५ अँपिअरला ती सुमारे पावणेदोन व्होल्ट खाते. २३० मध्ये ते कळणारही नाही. १२ मध्ये तो सातवा हिस्सा झाला. ६ चौरस मिमीला तोटा पाऊण व्होल्टवर येतो, १० ला अर्ध्याच्या आत. पुण्यात नाना पेठेत गाड्यांची लवचिक वायर मागा. फ्यूज मात्र ३०चाच राहू द्या, ४०चा घालून पळवाट काढू नका.

प्रश्न (वारजे): पाय खाली जातात, वर येत नाहीत. बटण दाबले की रिलेचा 'टक' आवाज येतो.

उत्तर: ही दोन रिलेंची जोडी आहे असे धरून सांगतो. बटण सोडलेले असताना मोटरच्या दोन्ही वायरी आपापल्या रिलेच्या ८७ए पिनमधून (हे आकडे रिलेवरच छापलेले असतात) अर्थला, म्हणजे मायनसला असतात. 'वर' दाबले की एक रिले आपली वायर ८७ वर, म्हणजे प्लसवर नेतो. पण करंट परत जातो दुसऱ्या, शांत बसलेल्या रिलेच्या ८७ए मधूनच. त्यामुळे 'टक' वाजणारा रिले चांगला आणि न वाजणारा जळका, असेही होते. दोन्ही रिले सारखे असतील तर अदलाबदल करा. आता पाय वर येऊन खाली जाणे बंद झाले, तर दोनांपैकी एक गेला आहे, जोडीच बदला. काहीच फरक पडला नाही तर रिलेचा सॉकेट काढून बघा, आतली पिन काळी पडलेली किंवा मागे सरकलेली असते.

प्रश्न (चाकण): मोटर फिरते, पण एकच पाय हलतो.

उत्तर: बहुधा वायरिंगचा प्रश्नच नाही. मोटर एका पायावर असते, दुसऱ्याला फिरवते ती आडवी शाफ्ट. तिच्या जोडातली पिन तुटली असेल. ती मुद्दाम कमजोर ठेवलेली असते, तेव्हा तिच्या जागी हाय टेन्साइल (जास्त ताकदीचा) बोल्ट ठोकू नका; पुढच्या वेळी गिअर तुटेल. तोवर हँडलने चालवायचे असल्यास आधी फ्यूज काढा. हँडल आत असताना कोणी बटण दाबले तर मनगट जाते.